सूड कोणाच्या हाती?

‘द रेव्हेनंट’ या चित्रपटाचा परिचय

दुष्टाने अन्याय करावा, नायकाने तो सोसावा आणि अखेरीस दुष्टाचा निःपात होऊन प्रेक्षकांनी टाळ्या वाजवाव्यात, हा सूडकथेचा ठरलेला साचा होय. मेक्सिकोचे दिग्दर्शक आलेहांद्रो गोन्झालेझ इन्यारितू यांचा २०१५ सालचा ‘द रेव्हेनंट’, म्हणजे ‘मरणातून परतलेला’, हा चित्रपट वरकरणी याच साच्यातला वाटतो. परंतु त्याचा शेवट पाहून मन टाळ्या वाजवावयास धजत नाही.

कथेस इतिहासाचा आधार आहे. १८२३ साली अमेरिकेतील मिसूरी नदीच्या वरच्या खोऱ्यात जनावरांची कातडी मिळवावयास निघालेल्या टोळीत ह्यू ग्लास नावाचा शिकारी होता. एका अस्वलिणीने त्याला फाडून काढले. तो वाचत नाही असे समजून, शुश्रूषेसाठी मागे ठेवलेले दोघे सोबती त्याची बंदूक घेऊन निघून गेले. ग्लास मात्र सरपटत, लंगडत सुमारे ३०० किलोमीटर अंतर तुडवून फोर्ट किओवा या ठाण्यावर पोहोचला. चित्रपटाने या हकीकतीत पदरचा एक प्रसंग घातला आहे : फिट्झजेराल्ड हा सोबती ग्लासच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलाचा खून करतो.

कलेच्या दृष्टीने हा चित्रपट फार वरच्या दर्जाचा आहे. छायालेखक इमॅन्युएल लुबेझ्की यांनी जवळजवळ सारे चित्रण सूर्यप्रकाशात व शेकोटीच्या उजेडात केले. त्यामुळे दिवसाचे मोजकेच तास कामास मिळत. कॅनडात बर्फ वितळल्यावर उरलेले चित्रण अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकास जाऊन पुरे करावे लागले. या कष्टांचे चीज झाले आहे. हिमाच्छादित अरण्य येथे नुसता देखावा राहत नाही. त्याचा गारठा प्रेक्षकाच्या अंगास भिडतो. नायक लिओनार्डो डिकाप्रिओ यांना संवाद अगदी थोडे आहेत. पुष्कळसा अभिनय श्वासाने आणि डोळ्यांनी केलेला आहे. २०१६ साली दिग्दर्शन, अभिनय व छायालेखन या तिन्हींसाठी चित्रपटास ऑस्कर पारितोषिके मिळाली.

एक स्वप्नदृश्य विसरता येत नाही. छत उडालेले, भग्न चर्च. मध्ये टांगलेली घंटा. भिंतींवर पुसट होत चाललेली धार्मिक चित्रे. तेथे ग्लासला मृत पुत्र भेटतो. तो त्याला कवटाळतो, आणि पाहतो तो मिठीत झाडाचे खोड!

वाटेत पॉनी जमातीचा एक प्रवासी ग्लासला खावयास देतो व जखमांवर उपचार करतो. त्याचेही कुटुंब शत्रूने मारलेले असते; तरी सूड विधात्याच्या हाती आहे, असे तो म्हणतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौलानेही हेच शिकविले आहे. शेवटच्या झटापटीत शत्रू हाती सापडला असता ग्लासला हे शब्द आठवतात आणि तो त्याला नदीच्या प्रवाहात सोडून देतो. परंतु पलीकडे अरिकारा योद्धे उभे असतात. ते फिट्झजेराल्डचा प्राण घेतात.

याला क्षमा म्हणावे काय? आपला हात आवरून वैऱ्यास दुसऱ्याच्या शस्त्रापुढे लोटणे ही क्षमा नव्हे, असे आम्हांस वाटते. खऱ्या ग्लासची हकीकत याहून बोधप्रद आहे. त्याने दोघांनाही गाठले, पण कोणाचाच जीव घेतला नाही. धाकट्यास त्याच्या कोवळ्या वयामुळे क्षमा केली, असे सांगतात. फिट्झजेराल्ड सैन्यात शिरलेला होता, त्यामुळे कायद्याचे भयही आड आले असावे. ग्लास आपली बंदूक घेऊन परतला. त्यात संतपण नसेल. पण रक्तही सांडले नाही.

चित्रपटात रक्तपात व स्त्रीवरील अत्याचार यांची दृश्ये असल्याने मुलांना तो मुळीच दाखवू नये. प्रौढांनी मात्र अवश्य पाहावा, आणि बांधावरून वा वाटणीवरून ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे अबोला आहे, त्यांनी घरी परतताना त्याच्या शेवटाचा विचार करावा.