उंदीर चालवतो विमान!

बालमित्रांनो, गणपतीबाप्पा उंदरावर बसून येतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण उंदराला विमान चालवताना कधी पाहिलंय? मी पाहिलंय! अर्थात हा उंदीर धान्य खाणारा नव्हे, संगणकाच्या टेबलावरचा माऊस बरं का!

त्याचं असं झालं. आमच्या वर्गातला एक मुलगा एकदा हिरमुसून बसला होता. "बाई, मित्राकडे विमान उडवायचा दांडा आहे, जॉयस्टिक. माझ्याकडे नुसता माऊस. म्हणून माझं विमान सारखं पडतं!" मी म्हटलं, बघू या तरी. शाळेच्या संगणकावर 'फ्लाइटगिअर' नावाचा सिम्युलेटर होता. सिम्युलेटर म्हणजे खोटं खोटं उड्डाण, पण नियम मात्र खऱ्या विमानाचे. हा फुकट मिळतो. मी ऐटीत माऊस हाती घेतला आणि एका मिनिटात विमान शेतात! सगळा वर्ग खो खो हसला.

चुकलं कुठं? ते समजायला आधी खरं विमान पाहू या. सेस्ना १७२ या छोट्या विमानात वैमानिकासमोर मोटारीच्या स्टिअरिंगसारखा एक दांडा असतो. तो डावी-उजवीकडे फिरवला की पंखांच्या मागच्या झडपा हलतात आणि विमान त्या बाजूला कलतं. स्वतःकडे ओढला की शेपटीची आडवी झडप वर होते आणि नाक वर येतं. पुढे ढकलला की नाक खाली. शेपटीची उभी झडप, म्हणजे सुकाणू, पायांनी हलवायचं.

आता माऊस. फ्लाइटगिअरच्या नव्या आवृत्त्यांत टॅबची कळ दाबली की बाणाच्या जागी अधिकचं चिन्ह दिसतं. म्हणजे विमान तुमच्या हाती आलं! माऊस डावी-उजवीकडे सरकवला की पंख कलतात. स्वतःकडे ओढला की नाक वर, पुढे ढकलला की खाली. डावं बटण दाबून धरून सरकवला, तर सुकाणू हलतं.

इथंच खरी गोम आहे. जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते. हात सोडला की दांडा आपोआप मधोमध येतो. माऊसला मात्र 'मध' ठाऊकच नाही! आपण किती सरकलो, एवढंच तो सांगतो. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी त्याचा पहिला लाकडी नमुना बनवला, तो पडद्यावरच्या जागेवर बोट ठेवण्यासाठी. विमानासाठी नव्हेच. म्हणून तुम्ही माऊस उजवीकडे नेऊन सोडलात, तरी झडपा तशाच राहतात आणि विमान कलतच जातं. मग घाबरून आपण तो जोरात डावीकडे नेतो. विमान तिकडे कोसळतं. पुन्हा उजवीकडे! माझं अगदी हेच झालं होतं.

मग आम्ही वर्गात तीन नियम केले. तुम्हीही करून पाहा.

१) माऊस बोटभरच सरकवा. मग मनात एक, दोन, तीन म्हणा. विमान जरा उशिरा ऐकतं.

२) कल हवा तेवढा झाला की माऊस जेवढा नेला तेवढाच परत आणा. गोंधळलात, तर कळफलकाच्या उजव्या बाजूच्या आकड्यांतली ५ ची कळ दाबा. झडपा मधोमध येतात.

३) उड्डाणाच्या वेळी घाई नको. 'पेज अप'च्या कळीनं इंजिनाचा जोर वाढवा, डावं बटण धरून विमान धावपट्टीच्या मधोमध ठेवा. सेस्नाचा वेग ५५ नॉट, म्हणजे ताशी साधारण १०० किलोमीटर झाला, की बटण सोडा आणि माऊस हळूच स्वतःकडे घ्या.

आठवड्याभरानं त्याच मुलानं माऊसनं विमान उतरवलं. धावपट्टीवर दोन उड्या मारल्या, पण मोडलं नाही! टाळ्या तर वाजल्याच. पण तो म्हणाला ते मला जास्त आवडलं. "बाई, विमान पडत नव्हतं. मीच त्याला थांबू देत नव्हतो."

आई-बाबांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. मुलांनी हट्ट केला म्हणून लगेच जॉयस्टिक आणायची गरज नाही. जॉयस्टिक खऱ्या दांड्याच्या जवळची, हे खरं. डावं बटण दाबलेलं असताना माऊसनं पंख हलवता येत नाहीत. त्यामुळे आडव्या वाऱ्यात विमान उतरवताना फार तारांबळ उडते. पण सुरुवातीला घरचा माऊस पुरे. आधी हात स्थिर होऊ द्या.

आणि मुलांनो, गृहपाठ झाल्यावरच उड्डाण बरं का! पहिल्यांदा विमान पडलं, तर खुशाल हसा. तुमच्या बाईंचंही पडलं होतं!