भयाचा भाव

त्या टेकडीवर पहिल्यांदा चढलो तेव्हा पायाखालचे गवत इतके मऊ आणि एकसारखे होते की, आपण एका सबंध शहराच्या कित्येक वर्षांच्या कचऱ्यावर उभे आहोत हे सोबतच्या अभियंत्याने सांगितले नसते तर मला ते उमगलेही नसते. कचऱ्याचा डोंगर भरला, पावसाचे पाणी आत झिरपू नये म्हणून त्यावर जाड प्लास्टिकचे आच्छादन अंथरले, आच्छादनावर मातीचा थर चढवला, आतला वायू निघून जावा म्हणून जागोजाग नळ्या ठेवल्या. आणि मग जेथे शेती करता येत नाही, घरे बांधता येत नाहीत, अशी ही जमीन कशाच्या उपयोगी पडणार या प्रश्नाला जर्मनीतील त्या मध्यम आकाराच्या शहराच्या नगरसंस्थेने, म्हणजे वीज, पाणी व गॅस पुरवणाऱ्या तेथील 'श्टाटवेर्क'ने, सौर वीजकेंद्राचे उत्तर शोधले. त्या केंद्राच्या उभारणीचा मक्ता मिळावा म्हणून ज्या कंपन्यांनी निविदा भरल्या त्यांपैकी एकीच्या निविदा-विभागात मी त्या वेळी, म्हणजे २०२४ च्या उन्हाळ्यात, नोकरीस होतो.

आमच्या दालनात चार मेजे होती. विभागप्रमुख बाई कायद्याच्या पदवीधर. त्यांच्यासमोर बसणारे साठीचे गृहस्थ भाव काढणारे, ज्यांना त्या देशात 'कालकुलाटोर' म्हणतात. एक तरुण आराखडेकार. आणि चौथा मी, सातारचा विद्युत अभियंता, ज्याच्या वडिलांची सबंध हयात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या एका मक्तेदाराकडे कारकुनी करण्यात गेली होती. निविदा म्हटली की मला आठवे ती आमच्या ओसरीवर मेणबत्तीच्या ज्योतीवर वितळणारी तांबडी लाख, लिफाफ्यावर उमटलेली मोहोर, आणि बयाणा भरल्याची पावती हरवू नये म्हणून आईने देव्हाऱ्यात ठेवलेली डबी. येथे लाख नव्हती, आणि आमच्या त्या कामात बयाण्याची अटही नव्हती. परंतु २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे मोठ्या सार्वजनिक कामांच्या निविदा संगणकमार्गेच स्वीकारण्याचा दंडक युरोपीय संघात सर्वत्र अंमलात येईपर्यंत, येथेही कागदच चाले; लिफाफे उघडले की साऱ्या पानांना यंत्राने बारीक भोके पाडीत, म्हणजे मागाहून एखादे पान काढून त्या जागी दुसरे सारण्याची सोय उरत नसे. असे भोके पाडलेले एक जुने दरपत्रक त्या वृद्ध गृहस्थांनी भिंतीला टाचून ठेवले होते. ते हरलेल्या निविदेतले, मुद्दाम परत मागून आणलेले होते, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले.

कामाचा आरंभ जाहीरनाम्यापासून होतो. ठरावीक मर्यादेपलीकडच्या सार्वजनिक कामाची वर्दी युरोपीय संघाच्या राजपत्राच्या पुरवणीत द्यावी लागते. त्या वर्षी बांधकामांसाठी ही मर्यादा ५५ लाख ३८ हजार युरो होती, आणि दर दोन वर्षांनी ती नव्याने ठरते. पुरवणी संघाच्या २४ अधिकृत भाषांची असली तरी आमच्या दृष्टीने तिची भाषा आकड्यांचीच: प्रत्येक वस्तूला आणि कामाला आठ आकड्यांचा संकेतांक, सौर संचाला ०९३३२०००, आणि सकाळी कचेरीत येताच तो संकेतांक टाकून रात्रीत काय उगवले ते पाहणे हे माझे पहिले कर्तव्य. या नियमांतली एक विसंगती मला नेहमी गमतीची वाटे. पारंपरिक साधनांपासून होणाऱ्या जर्मनीतील वीजनिर्मितीत खुली स्पर्धा आहे, सबब तिला हे नियम लागू ठेवण्याचे कारण नाही, असा निर्णय युरोपीय आयोगाने २०१२ मध्ये दिला. कायद्याने भाव संरक्षिलेल्या नवीकरणीय विजेला मात्र ती मोकळीक मिळाली नाही. म्हणजे कोळशाच्या भट्टीची खरेदी ज्या संस्थेला मोकळ्या मनाने करता येई, तिलाच सूर्यप्रकाशाच्या बाबतीत सोवळे नेसावे लागे.

दस्तऐवज हाती आले की पहिले वाचन बाईंचे. त्या काम काय आहे हे वाचीत नसत. आपण कोठे बाद होऊ शकतो तेवढेच तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित करीत. आता शाईच्या सहीची गरज उरलेली नाही, परंतु प्रतिज्ञापन करणाऱ्या व्यक्तीचे नाव वाचता येईल असे लिहिलेले असले पाहिजे, अशी जर्मन दिवाणी संहितेच्या १२६ ब कलमाची अपेक्षा. कंपनीचे नाव टंकून माणसाचे विसरले, एवढ्यावरून कित्येक आठवड्यांची मेहनत फुकट गेल्याच्या कथा या धंद्यात प्रत्येकाजवळ असतात. पत्राच्या पाठीमागे स्वतःच्या कंपनीच्या नेहमीच्या शर्ती छापलेल्या राहिल्या तर पूर्वी तेही प्राणघातक ठरे. २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने हा कठोरपणा पुष्कळसा सैल केला. बाई मात्र जुन्या कडकपणानेच चालत.

दुसरे वाचन त्या वृद्ध गृहस्थांचे, आणि माझे खरे शिक्षण तेथे झाले. छापील दरपत्रकात प्रत्येक बाबीचे परिमाण, एकक दर आणि रक्कम असे रकाने असत. त्यांच्या खासगी वहीत आणखी एक रकाना असे, आणि त्याच्या माथ्यावर एकच शब्द लिहिलेला: 'आंग्स्ट', म्हणजे भय. पोलाद, तांबे, मजुरी यांचे दर सर्वांना जवळपास सारखेच पडतात, नफ्यात कोणी फारसे सोडू शकत नाही आणि फारसे घेऊही शकत नाही, तेव्हा दोन निविदांत जे अंतर पडते ते प्रायः या शेवटच्या रकान्यातले, असे त्यांचे मत होते. साध्या जमिनीवर सौर पटलांचे खांब यंत्राने ठोकून रोवतात. आमच्या टेकडीवर तसे केले तर आच्छादन फाटणार, म्हणून पटलांची चौकट वजनदार काँक्रीटच्या ठोकळ्यांवर नुसती टेकवायची आणि तारा जमिनीत न पुरता वरून पन्हाळीतून न्यायच्या. इतके सगळे हिशेबात बसत होते. न बसणारी गोष्ट एकच: आतला कचरा अजून कुजत होता, तो कोठे वीतभर खचेल, कोठे खचणारही नाही, आणि निविदेत त्याविषयी 'भूमीच्या स्थितीची निविदाकाराने स्वतः खात्री करून घ्यावी' याखेरीज अक्षर नव्हते. हमीच्या मुदतीत रांगा वाकड्या झाल्या तर त्या सरळ करण्याचा खर्च कोणाचा, या विचारात त्यांनी दोन दिवस काढले आणि मग त्या रकान्यात एक बरीच मोठी रक्कम मांडली.

येथे कोणी म्हणेल की, एवढे भय वाटते तर विचारून घ्यावे. विचारण्याची सोय आहेच. ठरावीक मुदतीत प्रश्न संस्थेकडे पाठवायचा, विचारणाऱ्याचे नाव गळून पडते, आणि प्रश्नोत्तर सर्व निविदाकारांना एकाच वेळी दिसते. समानतेच्या तत्त्वाला हे शोभणारेच आहे. पण त्यातून एक विलक्षण खेळ उत्पन्न होतो. विचारावे तर भय उतरते, परंतु ते सगळ्यांचेच उतरते, शिवाय प्रश्नाच्या शब्दांतून आपल्या आराखड्याचा वास प्रतिस्पर्ध्याला लागतो. न विचारावे तर गुपित शाबूत राहते आणि भयाची रक्कमही शाबूत राहते. आम्ही खचण्याचा प्रश्न विचारावा की नाही यावर वाद घालीत असतानाच एका सकाळी दुसऱ्याच कोणाचा प्रश्न प्रकट झाला: काँक्रीटच्या ठोकळ्यांऐवजी खडीने भरलेले पत्र्याचे द्रोण चालतील काय? उत्तर होते, भाराची मर्यादा पाळल्यास चालतील. वृद्ध गृहस्थांनी ते तीनदा वाचले. "खडी उपसता येते," ते म्हणाले, "आणि पुन्हा भरता येते." म्हणजे जमीन खचली तर त्या बाजूचे द्रोण हलके करून चौकट उचलायची, खाली भर घालायची आणि पुन्हा खडी ओतायची, क्रेन नको, ठोकळे फोडणे नको. कोणाजवळ तरी आमच्या भयावरचे औषध होते. आमचा आराखडा तोवर पुरा झालेला, स्थापत्याची गणिते तपासून आलेली, आणि मुदत सहा दिवसांवर. शेवटी आमचाही प्रश्न गेला. त्याला उत्तर आले की निविदेतील मजकूर पाहावा.

हेच भय मोठ्या पटावर कसे वागते ते पाहायचे तर उत्तर समुद्राकडे पाहावे. समुद्रातील पवनऊर्जेच्या लिलावात जर्मनीने २०१७ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा निविदा उघडल्या तेव्हा १,४९० मेगावॅटपैकी १,३८० मेगावॅटसाठी मागितलेले अनुदान चक्क शून्य होते. विजेते जनित्रे आणखी मोठी होतील आणि वीज महागेल या भरवशावर होते, आणि किनाऱ्यापर्यंतच्या तारांचा खर्च त्यांच्या माथी नव्हता. २०२३ मध्ये तर उलटी गंगा वाहिली: ७,००० मेगावॅटच्या सागरी क्षेत्रांसाठी दोन तेलकंपन्यांनीच सरकारला १२.६ अब्ज युरो देऊ केले. आणि पुढल्याच वर्षी डेन्मार्कने उत्तर समुद्रातील ३,००० मेगावॅटची निविदा अनुदानाविना काढली, तेव्हा डिसेंबरात मुदत संपली तरी एकही निविदा आली नव्हती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीवरही तीच पाळी आली. व्याजाचे दर चढलेले, साहित्य महागलेले, विजेच्या भावाची शाश्वती नाही, आणि सारी जोखीम निविदाकाराने उचलावी अशा शर्ती. शेवटचा रकाना इतका भरला की आकडा लिहावयास जागाच उरली नाही. डेन्मार्कने नंतर अनुदान देऊ करून नव्याने निविदा काढली, म्हणजे पूर्वी फुकट टाकू पाहिलेले भय विकत घेतले.

आमच्या कामात भावाला सत्तर आणि गुणवत्तेला तीस गुण होते. गुणवत्तेचे निवेदन मी लिहिले, आणि बाईंनी त्यातील निम्मे खोडले. जे सिद्ध करता येत नाही ते लिहू नये, असा त्यांचा दंडक. त्यामागे ऑस्ट्रियातला एक जुना खटला होता. कॅरिन्थिया प्रांतातील केंद्रीय कचेऱ्यांसाठी वीज घेताना ऑस्ट्रियन सरकारने हरित विजेला ४५ गुण ठेवले, परंतु ते दिले कशावर, तर कचेऱ्यांना लागणाऱ्या वर्षाच्या २२.५ गिगावॅट-तासांच्या वर निविदाकार आणखी किती हरित वीज पुरवू शकतो यावर, आणि तीही पडताळून न पाहता. युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये ४५ गुण मान्य केले. जी वीज घ्यावयाचीच नाही तिचे गुण, आणि तपासता न येणाऱ्या शब्दाचे गुण, हे दोन्ही अमान्य केले. माझ्या निवेदनातील पर्यावरणप्रेमाचा परिच्छेद त्या न्यायनिवाड्याखाली गेला. त्याचे मला फार दुःख झाले नाही. परिच्छेद सुमारच होता.

मुदत दुपारी बाराची होती; आम्ही साडेदहालाच निविदा चढवली, कारण शेवटच्या घटकेला यंत्र अडले तर दैवाला दोष देता येतो, संस्थेला नाही. पडद्यावर वेळेची पावती उमटली. बाईंनी ती छापून घेतली. देव्हारा नव्हता, म्हणून कपाटात ठेवली.

पाच आठवड्यांनी पत्र आले. निवड दुसऱ्याची झाली आहे, त्यांचे नाव अमुक, आणि दहा दिवस उलटल्याखेरीज करारनामा होणार नाही. हे दहा दिवस हरलेल्याला दाद मागण्यासाठी असतात. न्यायमंडळाकडे अर्ज गेला तर करार थांबतो आणि पाच आठवड्यांत निकाल द्यावयाचा असतो. आमची हरकत घेण्याजोगी जागा नव्हती. विजेत्याची रक्कम पत्रात दिलेली नव्हती, पण आमचे भावाचे गुण दिलेले होते, आणि सर्वांत कमी रकमेला पूर्ण गुण हे सूत्र जाहीरच असल्याने पुढचे काम शाळकरी त्रैराशिकाचे होते. वृद्ध गृहस्थांनी पाकिटाच्या पाठीवर ते मांडले, उत्तराखाली रेघ ओढली, मग आपली वही उघडून शेवटच्या रकान्यातल्या एका रकमेवर बोट ठेवले. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होते.

पुढल्या शरदात दुसऱ्या एका निविदेची जागा पाहावयास आम्ही दोघे आगगाडीने निघालो होतो. ती टेकडी लोहमार्गापासून फार दूर नाही. गवतावर निळसर काळ्या पटलांच्या रांगा माथ्यापर्यंत गेल्या होत्या, खाली पत्र्याचे द्रोण उन्हात चमकत होते. त्यांनी चष्मा बदलला आणि टेकडी मागे पडेपर्यंत खिडकीतून पाहत राहिले.

"अजून सरळ आहेत," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, वही उघडता उघडता, "अर्थात, अजून पहिला हिवाळा यायचा आहे."