फळीवरची रेघ

सुताराच्या कानावर पेन्सिल असते, हे आपण सारेच पाहतो. मापाची खूण करण्यासाठी ती असते, हे खरेच, पण पलंगाचे पाय कसे हवेत यावर घरधन्याशी बोलणे अडले, म्हणजे तीच पेन्सिल काढून तो हाताशी असेल त्या फळीवर चार रेघा ओढतो नि विचारतो, "असे का?" घरधनी म्हणतो, "असे नव्हे, जरा बुटके." अर्धा तास शब्दांनी न सुटलेला गुंता सुटतो. ते चित्र कोणी जपून ठेवीत नाही. रंध्याखाली ते नाहीसे होते.

"आम्हांला चित्रकला येत नाही," असे म्हणून पुष्कळजण येथेच हात झटकतात. पण देखावा रंगविणे निराळे आणि विचार करण्यासाठी रेघ ओढणे निराळे. घराची कल्पना मनात असते तोवर फार गोंडस भासते. कागदावर उतरताच तिच्यातला जिना तुळईला अडतो!

मोठमोठ्या कामांतही हेच घडते. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथल्या ऑपेरा हाऊससाठी स्पर्धा झाली, तीत २३३ आराखडे आले, आणि १९५७ साली डेन्मार्कचे वास्तुशिल्पी यॉर्न उत्झन यांचा आराखडा पहिला ठरला. त्यांची चित्रे बरीचशी कच्च्या रेखाटनाच्या वळणाचीच होती. शिडांसारखी छपरे त्यांत डौलाने उभी होती खरी, पण त्या वक्रांना भूमितीत नेमके नाव नव्हते. आणि ज्याला नाव नाही त्याचे गणित इंजिनिअरांनी मांडावे कसे? १९५९ साली काम सुरू झाले तरी छपराचा प्रश्न तसाच होता. पॅराबोला झाला, लंबगोलाचे प्रकार झाले. अखेर १९६१ साली उलगडा झाला, तो असा की सारी छपरे एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापलेली धरावी. जणू एकाच मोसंबीच्या सालीचे लहानमोठे तुकडे. त्रिज्या सुमारे ७५ मीटर. वक्र सर्वत्र सारखा झाल्यामुळे छपराचे भाग साच्यांत ओतता येऊ लागले. पुढे वाद होऊन १९६६ साली उत्झन काम सोडून गेले, आणि १९७३ साली इमारत खुली झाली.

रेखाटनाने येथे फसविले, असे काहीजण म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. रेखाटनाने प्रश्न विचारला होता. त्यालाच उत्तर समजून पाया खणण्याची घाई झाली.

घर बांधावयाचे असो की दुकानाची मांडणी बदलावयाची असो, एक साधी वही करावी. एकाच गोष्टीची चारपाच चित्रे शेजारी शेजारी काढावी, बाजूला दोन शब्द, बाण आणि तारीख घालावी. व्याख्यानाचे टाचणही असेच घेता येते. रबर मात्र दूर ठेवावे. चूक खोडली की ती पुन्हा तेथेच येते. आमच्या न्हाणीघराचे दार आम्ही तीन वेळा त्याच खांबावर आणून ठेविले होते.