स्वादुपिंडातली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

साठी ओलांडलेल्या माणसाचे डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते. पण पोट फारसं दुखत नाही. आपल्याकडे अशा वेळी पहिली धाव बहुधा काविळीची माळ घालणाऱ्याकडे किंवा गावठी औषध देणाऱ्याकडे असते. ‘कावीळ म्हणजे लिव्हरचं दुखणं’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात पित्तनलिका आतड्यात उघडण्याआधी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. ते डोकं सुजलं की नलिका दाबली जाते, पित्त तुंबतं आणि लिव्हरमध्ये मूळ दोष नसतानाही कावीळ होते. या वयात न दुखणारी कावीळ जास्त काळजीची असते. तिथे माळेत आठवडे घालवणं परवडत नाही.

स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी गाठ दिसली की घर हादरतं. ती भीती पुष्कळदा खरी ठरते, म्हणून कर्करोगाचा तपास आधी व्हायलाच हवा. पण शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटली तरी असाच फुगवटा येतो. त्याला ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. फ्रान्समधल्या सार्ल्स यांनी १९६१ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं, तर आजचं नाव १९९५ मध्ये जपानी डॉक्टरांनी सुचवलं. कर्करोगाच्या संशयावरून स्वादुपिंडाचा भाग, आतड्याचा तुकडा आणि पित्ताशय काढलेल्या परदेशातल्या रुग्णांपैकी शंभरात साधारण दोन-तीन जणांना हाच आजार निघाला. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ओसरला असता, असा आजार!

‘स्वादुपिंडाला सूज म्हणजे दारू’ हा समजही सोडून द्यावा. पित्ताशयातले खडे, रक्तात अतोनात वाढलेले ट्रायग्लिसराइड्स, काही औषधं, अशी इतरही कारणं असतात. थेंबही न घेतलेल्या माणसावर घरच्यांनीच संशय घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

सगळ्यात जास्त घोळ आयजीजी-४ या रक्ततपासणीवरून होतो. ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिसमध्ये हे प्रथिन वाढतं, हे जपानमधल्या शिन्शू विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये दाखवलं. तेव्हापासून ‘आयजीजी-४ वाढलं म्हणजे कर्करोग नाही’ असा सोयीचा अर्थ काढला जातो. तो घातक आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग असलेल्या दहातल्या जवळपास एकाचंही आयजीजी-४ थोडं वाढलेलं सापडतं. कमाल मर्यादेच्या दुप्पट किंवा जास्त आकडा असेल तर पुराव्याला वजन येतं, पण निकाल तेवढ्यावर लागत नाही. उलट, या आजाराच्या दुसऱ्या प्रकारात आयजीजी-४ बहुधा नॉर्मलच असतं. तो तुलनेने तरुण वयात दिसतो आणि त्यातल्या काहींना अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा आजारही असतो.

म्हणून डॉक्टर अनेक पुरावे जुळवतात. सीटी किंवा एमआरआयमध्ये स्वादुपिंड सरसकट फुगलेलं, कडेचे खाचखळगे बुजलेले आणि भोवती पातळ कडं दिसलं, तर संशय या आजाराकडे झुकतो. स्वादुपिंडाची मुख्य नलिका इथे लांबपर्यंत अरुंद होते, पण त्यामागे फारशी फुगत नाही. कर्करोगात ती अडथळ्यामागे बरेचदा चांगलीच रुंदावते. लाळग्रंथी, मूत्रपिंड, लिव्हरमधल्या पित्तनलिका यांतही सूज आहे का, तेही पाहतात. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने सुई घालून तुकडा घेतात. तुकड्यात कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत म्हणून कर्करोग नाहीच, असंही नसतं. सुई नेमक्या जागी गेलेली नसू शकते.

‘स्टेरॉइड देऊन बघू, उतरलं तर ऑटोइम्यून’ हा आडमार्गही धोक्याचा. स्टेरॉइडने लिम्फोमा हा कर्करोगही काही काळ आक्रसतो. आपल्या देशात क्षयरोगही स्वादुपिंडात गाठ करू शकतो, आणि तो ओळखला न जाता स्टेरॉइड सुरू झालं तर भडकतो. स्टेरॉइड देऊन पाहण्याची चाचणी कर्करोगाचा नीट तपास झाल्यावर, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि ठरलेल्या मुदतीतच करायची. साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करतात. तोवर सूज स्पष्ट उतरली नसेल तर निदानाचा फेरविचार करावा लागतो.

बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत. पहिल्या, म्हणजे आयजीजी-४ वाढणाऱ्या प्रकारात बऱ्याच रुग्णांना आजार उलटतो, आणि स्टेरॉइडमुळे साखर वाढते, तीही तपासत राहावी लागते. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी सर्जनना एवढं अवश्य विचारा: ‘ऑटोइम्यूनची शक्यता तपासली का?’ आणि उत्तर ‘हो, तपासली; हा कर्करोगच आहे’ असं आलं, तर एक दिवसही वाया घालवू नका.