वनशास्त्राला वाणिज्याची जोड : गरज आणि मार्ग

बंगळूरूच्या पूर्व भागातील के. आर. पुरम येथून निघणारा जुना मद्रास रस्ता होसकोटेमार्गे कोलारकडे जातो. या कोरडवाहू पट्ट्यात 1980 च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या काळात निलगिरीची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. मजुरी कमी, राखण कमी आणि काही वर्षांनी एकरकमी पैसा, हा हिशेब शेतकऱ्यांना पटण्याजोगा होता. परंतु त्यात दोन बाबी धरलेल्या नव्हत्या. एक म्हणजे भूजलावर पडणारा ताण, आणि दुसरी कीड.

या शतकाच्या आरंभी दक्षिण भारतात ‘लेप्टोसिबे इन्व्हासा’ ही मूळची ऑस्ट्रेलियातील, जेमतेम एक मिलिमीटर लांबीची गांधीलमाशीवर्गीय कीड आढळू लागली. मादी कोवळ्या पानांच्या मुख्य शिरेत, देठात व शेंड्यात अंडी घालते. तेथे गाठी तयार होतात, पाने वेडीवाकडी होतात आणि रोपवाटिकेतील व नव्या लागवडीतील झाडांची वाढ खुंटते. पुढे पाण्याच्या प्रश्नावरून 2017 मध्ये कर्नाटक शासनाने निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली.

वाढ खुंटण्याची किंमत

कीटकशास्त्रज्ञ गाठी मोजू शकतो. पण त्या गाठींमुळे शेतकऱ्याचे किती नुकसान झाले, हे सांगण्यास वाणिज्याची मदत लागते. उदाहरणादाखल, लागवडीत एक लाख रुपये गुंतवले आणि व्याजदर दहा टक्के धरला, तर पाच वर्षांनी ती रक्कम चक्रवाढीने सुमारे 1 लाख 61 हजार होते. किडीमुळे तोड सातव्या वर्षावर गेली, तर ती सुमारे 1 लाख 95 हजार होते. म्हणजे झाड मेले नाही, लाकूडही शेवटी तेवढेच मिळाले, तरी केवळ विलंबाची किंमत 34 हजार रुपये झाली. कीडनियंत्रणावर किती खर्च करणे परवडेल, याचा निर्णय या आकड्याशिवाय घेता येत नाही.

वृक्ष कोणत्या वयात तोडावा, हा वनशास्त्रातील मूलभूत प्रश्न याच स्वरूपाचा आहे. मार्टिन फाउस्टमान या जर्मन वनतज्ज्ञाने 1849 मध्ये वाढीचा वेग, तोडीतून मिळणारे उत्पन्न, व्याज आणि जमिनीचे मूल्य यांची सांगड घालणारे सूत्र मांडले. वाढीचे कोष्टक वनशास्त्र देते, व्याजाचे गणित वाणिज्य देते. मात्र भूजल, पक्षी, मातीची धूप यांची किंमत बाजारभावात उतरत नाही. ती हिशेबात कशी आणावी, हे समजण्यासाठीही दोन्ही विषयांची जाण हवी.

शिक्षणाची वाट

ऑस्ट्रेलियात काही विद्यापीठांत पूर्वी वनशास्त्र व वाणिज्य यांची संयुक्त पदवी दिली जात असे. आपल्याकडे ही जोड बहुधा विद्यार्थ्याला स्वतः घालावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिल 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकाच वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेता येते. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष उपस्थितीचे असल्यास त्यांच्या तासिकांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक प्रत्यक्ष आणि दुसरा मान्यताप्राप्त दूरस्थ किंवा ऑनलाइन, असाही पर्याय खुला आहे. या व्यवस्थेत एक संयुक्त पदवी नव्हे, तर दोन स्वतंत्र पदव्या मिळतात, हे लक्षात घ्यावे.

के. आर. पुरमसारख्या उपनगरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वाणिज्य महाविद्यालय जवळ मिळते. वनशास्त्रासाठी मात्र कोडगू जिल्ह्यातील पोन्नमपेट किंवा उत्तर कन्नडमधील सिरसी गाठावे लागते. महाराष्ट्रात दापोली व अकोला येथे हे शिक्षण उपलब्ध आहे. चार वर्षांच्या या अभ्यासक्रमात रोपवाटिका, वनभेटी व प्रात्यक्षिके यांत दिवस जातो. त्यामुळे वनशास्त्र प्रत्यक्ष आणि वाणिज्य दूरस्थ, हीच जोडी व्यवहार्य ठरते. दूरस्थ शिक्षणासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ किंवा नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांचा विचार करता येईल. प्रवेशापूर्वी संबंधित अभ्यासक्रमाची त्या वर्षीची मान्यता आणि दोन्ही विद्यापीठांचे नियम तपासावेत. परीक्षांच्या तारखा एकत्र येत नाहीत ना, हेही पाहावे.

खरा निर्णय त्याआधीच, अकरावीत होतो. वनशास्त्राच्या प्रवेशासाठी बारावी विज्ञान आवश्यक असते. वाणिज्य पदवीला सामान्यतः कोणत्याही शाखेची बारावी चालते. अकरावीत वाणिज्य शाखा निवडल्यास वनशास्त्राचे दार बंद होते. विज्ञान निवडल्यास दोन्ही दारे उघडी राहतात. दोन पदव्यांचा भार पेलणार नसेल, तर आधी एक पदवी पूर्ण करून भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घेता येते. 1982 मध्ये स्थापन झालेली ही संस्था वन व्यवस्थापनाचेच शिक्षण देते.

आज शेतकरी चंदन, महोगनी, बांबू यांच्या लागवडीकडे वळत आहेत आणि उत्पन्नाची मोठमोठी आश्वासने त्यांच्यासमोर ठेवली जात आहेत. रोप विकणारा भाव सांगतो. कीड, पाणी आणि विलंब सांगत नाही. या चारही गोष्टी एकाच कागदावर मांडून दाखवणारा सल्लागार गावोगावी हवा आहे. कोलारच्या रस्त्यावर निलगिरी लावताना तो नव्हता, याची किंमत शेतकऱ्यांनी मोजली.