खुब्याचे ऑपरेशन आणि हृदयाची कैफियत

अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूरहून एका वाचकाने विचारले आहे की, सत्तरी ओलांडलेल्या आपल्या आजीचा मोडलेला खुबा डॉक्टरांनी नीट बसवून दिला, दुसऱ्या दिवशी तिने चहाही मागून घेतला, छातीत दुखत असल्याची तक्रार एकदाही केली नाही, आणि तरीही तिसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल पाहून ‘हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे’ असे सांगण्यात आले. तर ऑपरेशन पायाचे आणि दुखापत हृदयाला, हा कोणता न्याय? प्रश्न रास्त आहे, आणि तो घाटनांदूरहून यावा यातही एक औचित्य आहे. कारण हे गाव १९४८ पर्यंत ज्या निजामाच्या मुलखात मोडत होते आणि ज्याच्या दप्तरी अंबाजोगाईची नोंद मोमिनाबाद अशी होती, त्याच संस्थानाने शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयाचे काय होते याचा निवाडा करण्यासाठी एकोणिसाव्या शतकातच खजिना उघडला होता.

१८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढून घेताना क्लोरोफॉर्मच्या भुलीखाली दगावली, आणि तेव्हापासून हे औषध प्रथम श्वास थांबवते की हृदय, या वादाने दोन तट पडले. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे श्वासपक्षाचे कट्टर पुरस्कर्ते. श्वासावर नजर ठेवा, नाडीची चिंता करू नका, हे त्यांचे व्रत होते. या वादाची हैदराबादेत चौकशी करणारे १८८८ चे पहिले कमिशन त्यांच्याच बाजूने गेले. विलायतेत ते कोणी मानीना, तेव्हा निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंडांची तरतूद करून ‘लॅन्सेट’ नियतकालिकाचा प्रतिनिधी मागवला. १८८९ मध्ये आले ते लॉडर ब्रंटन, ज्यांनी १८६७ मध्ये छातीच्या कळेवर अमिल नायट्राइट हुंगवण्याचा उपाय शोधला होता. (आज हृदयरोगी जिभेखाली जी गोळी ठेवतो, ती याच घराण्यातली.) ब्रंटन हृदयपक्षाचे म्हणून आले आणि श्वासपक्षाचे होऊन परतले, इतका त्या प्राण्यांवरील प्रयोगांचा प्रभाव पडला. या कामात हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजींचा सहभाग होता. भूल देणाऱ्या जगातील पहिल्या स्त्री-डॉक्टरांत ज्यांची गणना व्हावी, त्यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत औषधालाही सापडत नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

निवाडा मात्र चुकीचा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवले की, भूल गाढ नसून हलकी असताना, आणि शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनचा लोट आला असताना, हृदयाच्या कप्प्यांची लय बिघडून ते एकाएकी थांबते. हैदराबादेत प्राण्यांना भरपूर क्लोरोफॉर्म देऊन आधी श्वास जातो एवढे पाहिले गेले; हलक्या भुलीतला तो धोक्याचा क्षण तपासणाऱ्यांच्या नजरेतून निसटला.

क्लोरोफॉर्म गेला, पण भलत्याच ठिकाणी पाहण्याची ती खोड गेली नाही. आज भूल अतिशय सुरक्षित आहे. धोका आहे तो पुढच्या दोन-तीन दिवसांत. जखमेमुळे अ‍ॅड्रिनॅलिन वाढते, नाडी धावते, रक्तस्रावाने हिमोग्लोबिन उतरते, मधूनच रक्तदाब घसरतो, रक्त गोठण्याकडे झुकते. उन्हाळ्यात विहिरीचे झरे बारीक झालेले असताना कोणी दुप्पट अश्वशक्तीची मोटार जोडून उपसा सुरू करावा, तशी त्या वयोवृद्ध हृदयाची गत होते: मागणी वाढलेली, आणि अरुंद झालेल्या धमन्यांतून पुरवठा मात्र घटलेला. स्नायूच्या काही पेशी मरतात आणि त्यांतले ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरते. वेदनाशामक औषधांच्या गुंगीत रुग्णाला कळ जाणवतच नाही, म्हणून ‘छातीत दुखतं का, आजी?’ या प्रश्नाला आलेले ‘नाही’ हे उत्तर प्रामाणिक असूनही निरुपयोगी ठरते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या पी. जे. डेव्हेरो यांच्या पुढाकाराने, भारतासह अनेक देशांतील पंचेचाळीस व त्यावरील वयाच्या २१,८४२ रुग्णांची हृदयेतर शस्त्रक्रियेनंतर नियमाने रक्ततपासणी झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत शेकडा सुमारे अठरा जणांत अशी इजा आढळली, आणि त्यांतल्या शेकडा त्र्याण्णव जणांना हृदयविकाराचे एकही लक्षण नव्हते. ही इजा झालेल्यांत महिन्याभरातील मृत्यूंचे प्रमाण इतरांहून बरेच अधिक होते.

एवढे वाचून कोणी लगोलग ‘हृदयरक्षक’ गोळीची मागणी करील, तर त्याला जरा थांबवले पाहिजे. नाडी मंदावणारे मेटोप्रोलॉल शस्त्रक्रियेच्या सुमारास ८,३५१ रुग्णांवर आजमावले गेले, तेव्हा हृदयविकाराचे झटके कमी झाले खरे, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. हा २००८ चा निष्कर्ष. त्याच औषधवर्गाचे गोडवे गाणाऱ्या रॉटरडॅमच्या संशोधनाची तर पुढे चौकशी होऊन मुख्य संशोधकाला पद सोडावे लागले. इजा झाल्यावर रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगॅट्रानचा काहीसा लाभ २०१८ मध्ये दिसला. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन द्यावे की नाही, हे रुग्ण पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे.

आता वाचकाच्या मूळ फिर्यादीकडे. तिच्यात ऑपरेशनला जे आरोपी धरले आहे, ते कदाचित निर्दोष असेल. ऑपरेशनपूर्वी ट्रोपोनिन मोजलेले नसेल, तर इजा कधीची हे सांगता येत नाही. आणि खुबा मोडलेल्या कित्येक वृद्धांचे ट्रोपोनिन दवाखान्यात पाऊल ठेवतानाच वाढलेले असते. खुब्याच्या २,९७० रुग्णांवर झालेल्या बहुदेशीय प्रयोगात निदानानंतर साधारण सहा तासांत ऑपरेशन करण्याने सर्वांच्या मृत्युप्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. परंतु आल्या आल्या ज्यांचे ट्रोपोनिन वाढलेले होते, त्यांच्यापुरता हिशेब केला असता, लवकर ऑपरेशन झालेल्यांत शेकडा दहा मृत्यू झाले, तर नेहमीच्या वेळेने, म्हणजे सुमारे चोवीस तासांनी, झालेल्यांत तेवीस. हा आकडा उपविभागातला, म्हणून जपून घ्यावा. तरीही आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या मुलाची वाट पाहण्यात, पैशांची जुळवाजुळव करण्यात आणि आधी हाडवैद्याला दाखवून घेण्यात म्हातारे माणूस मोडक्या खुब्यानिशी खाटेवर चार-चार दिवस पडून असते, आणि त्या चार दिवसांत त्याची नाडी मोजायला सहसा कोणी नसते.