शेकडा ऐंशी – कोणापैकी?

साथीच्या प्रारंभी सरकारने निर्बंध घातले म्हणजे लोक कुरकुर करतात, परंतु ते पाळतात. घर पेटले असता पाणी कोणत्या विहिरीचे, याची चौकशी कोणी करीत बसत नाही. खरा वाद उपस्थित होतो तो निर्बंध उठविण्याच्या वेळी. दुकानदार म्हणतो, आजच उठवा. रुग्णालयातील डॉक्टर म्हणतो, आणखी महिनाभर थांबा. आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खोटे नसते. २०२१ साली कोरोनावरील लस हाती आल्यावर या वादावर एक तोडगा अनेक देशांत पुढे आला. शेकडा अमुक लोकांनी लस घेतली म्हणजे अमुक निर्बंध उठतील, असा आकडा सरकारने आधीच जाहीर करावयाचा. तोडगा दिसावयास सरळ आहे. परंतु सरकारने असे आकडे बांधून घ्यावेत की नाहीत हे ठरविण्यापूर्वी, ते आकडे निघाले कसे आणि पुढे त्यांचे झाले काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

याचा सर्वांत ठळक दाखला ऑस्ट्रेलियाचा. त्या देशाने मार्च २०२० पासून आपल्या सीमा जवळजवळ बंद ठेवून साथ बऱ्याच अंशी बाहेर थोपविली होती. जून २०२१ मध्ये मात्र डेल्टा हा अधिक वेगाने पसरणारा विषाणू सिडनी शहरात शिरला. त्या वेळी देशातील प्रौढांपैकी दहाव्या हिश्शाच्याही दोन्ही मात्रा पूर्ण झालेल्या नव्हत्या. सिडनीवर टाळेबंदी आली, ऑगस्टमध्ये मेलबर्नवरही आली. मेलबर्नची ती सहावी टाळेबंदी. सहाही टाळेबंद्यांचे दिवस एकत्र मोजले तर २६२ भरतात. इतके दिवस घरात कोंडलेल्या माणसास ‘आणखी थोडे थांबा’ एवढेच सांगून भागत नाही. ३० जुलै २०२१ रोजी तेथील पंतप्रधान आणि राज्यांचे प्रमुख यांनी मिळून पायऱ्या ठरविल्या. सोळा वर्षांवरील शेकडा ७० लोकांच्या दोन्ही मात्रा झाल्या म्हणजे सरसकट टाळेबंदीची गरज कमी होईल; शेकडा ८० झाल्या म्हणजे ती क्वचितच आणि ठरावीक जागीच लावली जाईल, व परदेशचे दरवाजेही हळूहळू उघडतील. ७० चा आकडा गाठून सिडनीची टाळेबंदी ११ ऑक्टोबरला उठली, मेलबर्नची त्याच महिन्याच्या २२ तारखेस. ६ नोव्हेंबरला सबंध देशाने ८० ची पायरी ओलांडली.

चार-साडेचार महिन्यांत दहाव्या हिश्शाच्या आतून चार पंचमांशापर्यंत जाणे ही गोष्ट लहान नव्हे. अर्थात तिचे सारे श्रेय आकड्यास देणे बरोबर होणार नाही. मध्यंतरी लसीचा पुरवठा वाढला होता, आणि डेल्टाच्या भीतीनेही पुष्कळांचे पाय लसकेंद्राकडे वळले. तथापि रोज संध्याकाळी आपले राज्य किती टक्क्यांवर आले हे घरोघर पाहिले जाऊ लागले, आणि कोंडवाड्याला दार आहे व ते किती पावलांवर आहे हे लोकांस कळले, याचा परिणाम झाला नसेल असे म्हणता येत नाही.

आता हा आकडा निघतो कसा, ते पाहू. एका रोग्यापासून सरासरी किती जणांस रोग लागतो, यावर सारा हिशेब उभा आहे. तिघांस लागत असेल, तर त्या तिघांपैकी दोघे आधीच सुरक्षित असले म्हणजे एका रोग्यामागे एकच नवा रोगी होतो आणि साथ वाढत नाही. तिघांपैकी दोन म्हणजे शेकडा ६७. कोरोनाचा मूळ विषाणू साधारण असाच पसरे. म्हणून २०२० साली साठ-सत्तर टक्क्यांची भाषा जगभर कानी येत होती. डेल्टाच्या बाबतीत हा आकडा सहाच्या घरात गेला. सहांपैकी पाच सुरक्षित हवेत, म्हणजे शेकडा ८३. येथवर ठीक. पण लस घेतलेला मनुष्य स्वतः गंभीर आजारी पडला नाही, तरी दुसऱ्यास रोग देऊ शकतो, हे लवकरच दिसून आले. लस रोगाचा प्रसार शेकडा ७० इतकाच रोखते असे उदाहरणादाखल धरले, तर ८३ ला ७० ने भागून शंभराने गुणावे लागते आणि उत्तर येते सुमारे ११९. शंभर माणसांपैकी एकशे एकोणीस जणांना लस! शाळेतील मुलाने असे उत्तर आणले तर त्याला गणित पुन्हा करावयास सांगतात. येथे गणित बरोबरच आहे. ते एवढेच सांगते की, निव्वळ लसीने ज्या ठिकाणी साथ संपते अशी रेषाच उरलेली नाही.

मग ऑस्ट्रेलियाचे ८० कोठून आले? ते साथ संपण्याचे नव्हते, रुग्णालयांना भार पेलण्याचे होते. मेलबर्नच्या डोहर्टी संस्थेतील तज्ज्ञांनी केलेल्या गणितावर ते आधारलेले होते, आणि त्या गणितास अटी जोडलेल्या होत्या. रोग्यांचा शोध घेणे, त्यांच्या संपर्कात आलेल्यांना वेगळे ठेवणे, गर्दीवर थोडी मर्यादा ठेवणे, ही कामे पुढेही चालू राहतील असे धरूनच उत्तर काढले होते. लोकांच्या तोंडी ८० राहिले. अटी कागदावर राहिल्या. आकड्याचा हा स्वभावच आहे. तो सुटा पडून हिंडू लागतो.

यावरून काही जणांनी असा निष्कर्ष काढला की आकडा जाहीर करणेच चूक. तसे मात्र नाही. असा आकडा हे सुरक्षिततेचे माप म्हणून कच्चे असते, पण करार म्हणून त्याचे मोल मोठे असते. लोकांनी दंड पुढे करावयाचा, सरकारने कुलूप काढावयाचे. तोंडी आश्वासन देणाऱ्या सरकारास पाठ फिरविता येते, आकडा लिहून देणाऱ्यास ते अवघड जाते. निर्बंध लांबविणे हे प्रत्येक सरकारास सोयीचे वाटू शकते, आणि त्यास पायबंद घालणारे काही तरी लेखी असणे हे प्रजेच्या हिताचेच आहे.

परंतु करार म्हटला की त्यातील शब्द तपासून घ्यावे लागतात, आणि येथे सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘शेकडा’ हा नसून ‘कोणापैकी’ हा आहे. ऑस्ट्रेलियाचे ८० हे सोळा वर्षांवरील लोकांपैकी होते. मुले धरून सबंध लोकसंख्येशी त्यांचे प्रमाण काढले तर ते शेकडा ६४ च्या आसपास येते. शिवाय ती सरासरी होती. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेकडील विल्कॅनिया या लहानशा गावात, जेथे बहुसंख्य वस्ती आदिवासींची आहे, ऑगस्ट २०२१ मध्ये साथ घुसली, तेव्हा त्या समाजातील लसीकरण राज्याच्या मानाने बरेच मागे होते. राज्य पायरी चढले म्हणजे प्रत्येक गाव चढले असे होत नाही.

सरासरीने घात कसा होतो, हे हाँगकाँगने त्याहूनही कठोरपणे दाखविले. जानेवारी २०२२ च्या आरंभी तेथील शेकडा ६० हून अधिक लोकांच्या दोन मात्रा झालेल्या होत्या. वरवर पाहता स्थिती वाईट नव्हती. पण ऐंशी वर्षांवरील वृद्धांपैकी तिसऱ्या हिश्शाच्याही दोन मात्रा झालेल्या नव्हत्या. तरुण लस घेऊन मोकळे झाले होते आणि ज्यांना तिची सर्वांत अधिक गरज, ते आजी-आजोबा राहून गेले होते. मग ओमायक्रॉनची लाट आली. ६ जानेवारी ते २१ मार्च या अडीच महिन्यांत जे मृत्यू नोंदले गेले, त्यांतील शेकडा ९६ साठ व त्यावरील वयाच्या माणसांचे होते, आणि त्या वृद्धांपैकी शेकडा ७० जणांनी लसीची एकही मात्रा घेतलेली नव्हती.

ही चूक नवी नाही. भारताने ती साठ वर्षांपूर्वीच करून पाहिली होती. १९६२ साली देवी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम निघाली, तेव्हा तीन वर्षांत लोकसंख्येच्या शेकडा ८० लोकांस देवी टोचावयाच्या असे ठरले होते. टोचण्यांच्या नोंदी कोट्यवधींनी भरल्या, परंतु देवी हटल्या नाहीत. कारण टोचणाऱ्यांना जी माणसे सहज सापडत तीच पुनःपुन्हा टोचली जात. त्यांत शाळेतील मुले मुख्य. ती वर्गात रांगेने बसलेली असत, आणखी काय हवे? पाळण्यातील बाळे, रस्त्याकडेचे बेघर, कामासाठी गावोगाव फिरणारे मजूर, हे मात्र वगळले जात, आणि रोग नेमका त्यांच्यातच घर करून राहिला होता. पुढे धोरण बदलले. टक्केवारीचा पाठलाग बाजूस ठेवून, जेथे रोगी सापडेल तेथे धावून जावयाचे आणि त्याच्या भोवतालच्या प्रत्येकास टोचावयाचे, असा क्रम सुरू झाला. मे १९७५ मध्ये भारतातील देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला.

शब्द तपासून घ्यावेत हे खरे, परंतु शब्द नेमके असूनही करार मोडल्याची उदाहरणे आहेत. न्यूझीलंडने ऑक्टोबर २०२१ मध्ये योग्य तोच धडा घेतल्यासारखे केले. देशाच्या सरासरीवर न विसंबता वीसही आरोग्य-जिल्ह्यांनी प्रत्येकी शेकडा ९० गाठावे, मगच नवी व्यवस्था येईल, असे जाहीर झाले. प्रत्यक्षात काही जिल्हे मागेच असताना डिसेंबरच्या आरंभी ती व्यवस्था सर्वत्र लागू करण्यात आली, आणि माओरी वस्तीचे भाग मागे राहिलेल्यांत प्रामुख्याने होते. उलट प्रकार पश्चिम ऑस्ट्रेलियात घडला. तेथील सरकारने शेकडा ९० च्या हिशेबाने ५ फेब्रुवारी २०२२ ही सीमा उघडण्याची तारीख दिली. लोकांनी आपली बाजू पाळली. जानेवारीत, ओमायक्रॉन आला आहे व तिसऱ्या मात्रेचे प्रमाण वाढले पाहिजे, या कारणाने तारीख मागे घेण्यात आली. सीमा ३ मार्चला उघडली. कारण अवास्तव नव्हते. परंतु विषाणू पालटला तर काय करू, हे आधी लिहिलेले नसल्यामुळे, तिकिटे काढून बसलेल्या कुटुंबांस तो वचनभंगच वाटला.

इंग्लंडने या दृष्टीने अधिक सावध भाषा वापरली होती. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी तेथे चार कसोट्या जाहीर झाल्या. लसीकरण वेळेवर चालले आहे काय, लसीने रुग्णालयातील रोगी व मृत्यू कमी होत आहेत काय, रुग्णालयांवर ताण येण्याचा संभव आहे काय, आणि नव्या प्रकारच्या विषाणूने ही सारी गणिते बदलली आहेत काय, असे ते चार प्रश्न. डेल्टा आला तेव्हा चौथ्या प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल निघाले आणि अखेरची पायरी २१ जूनवरून १९ जुलैवर गेली. लोक रागावले, पण फसविले गेलो असे म्हणावयास त्यांना जागा थोडी होती. मात्र या पद्धतीत शेवटचा शब्द सरकारच्या ‘समाधाना’चा राहतो, ही तिची उणीव लपत नाही.

महाराष्ट्राने दोन्ही वाटा चालून पाहिल्या. जून २०२१ मध्ये जिल्ह्यांचे जे पाच स्तर पाडले गेले, त्यांत लसीचा विचारच नव्हता; चाचण्यांपैकी बाधित निघणाऱ्यांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या भरलेल्या खाटा एवढेच पाहिले जाई. त्यानंतर १५ ऑगस्टपासून मुंबईची लोकल, दोन्ही मात्रा होऊन चौदा दिवस लोटलेल्या प्रवाशांना खुली झाली. येथे आकडा समाजावरून उतरून एकेका माणसावर आला, आणि अन्यायही एकेका माणसाच्या वाट्यास आला. प्रौढांसाठी मोफत लस सरसकट सुरू झाली २१ जून रोजी. त्या दिवशी डोंबिवलीच्या एखाद्या पंचविशीतील कारकुनाने रांगेत उभे राहून कोविशील्डची पहिली मात्रा घेतली असेल, तर चौऱ्याऐंशी दिवसांच्या सक्तीच्या अंतरामुळे दुसरी मात्रा १३ सप्टेंबरच्या आधी त्यास मिळणे शक्य नव्हते. वर चौदा दिवस, म्हणजे २७ सप्टेंबर. त्याने कसूर काहीच केलेली नव्हती. सरकारच्याच एका नियमाने त्यास थांबविले आणि सरकारच्याच दुसऱ्या नियमाने त्यास फलाटाबाहेर ठेवले. लस प्रत्येकास मिळू शकेल इतका काळ जाण्यापूर्वी लावलेली अट ही लस टाळणाऱ्यास शिक्षा होत नाही, रांगेत मागे असणाऱ्यास होते. कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, आणि त्या वेळची परिस्थिती पाहता लस न घेतलेल्यांवरील निर्बंध प्रमाणाबाहेरचे आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी सांगितले. तोवर लोकलचा प्रश्न मागे पडलेला होता.

मार्च २०२२ च्या आरंभीचा राज्याचा आदेश यापेक्षा सुधारलेला होता. शेकडा ९० लोकांची पहिली मात्रा, शेकडा ७० जणांची दुसरी, बाधितांचे प्रमाण दहा टक्क्यांखाली, आणि भरलेल्या प्राणवायूच्या वा अतिदक्षता खाटा चाळीस टक्क्यांखाली. लस आणि रुग्णालय या दोहोंची सांगड त्यात होती आणि मोजमाप जिल्हावार होते. वृद्धांची वेगळी मोजणी त्यात असती तर हाँगकाँगचा धडाही साधला असता. या कसोटीस मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर यांसह चौदा जिल्हे उतरले. तेथे नाट्यगृहे व उपाहारगृहे पूर्ण क्षमतेने उघडली. उरलेल्या बावीस जिल्ह्यांत निम्म्याच खुर्च्या भरावयाच्या होत्या. महिना संपण्यापूर्वीच साथ ओसरली, आणि १ एप्रिल २०२२ पासून, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, जिल्ह्याजिल्ह्यांत भेद न करता सर्वत्रच निर्बंध उठले.